गुणवंता घागरेचं न गळणारं सील

चहा आला की तो आधी कप उचलून बशी बघायचा. बशी कोरडी असली की थोडा नाराज व्हायचा.

लग्नाला गेला की मांडवात शिरायच्या आधी विहीर कुठे आहे ते विचारायचा. पंगत उठल्यावर हात तिथेच धुवायचा आणि धुता धुता मोटारीच्या अंगाला हात लावून यायचा. नवरी कशी होती हे त्याला कधी सांगता आलं नाही. मोटार कशी होती ते घरी येईपर्यंत सांगायचा.

हात पायजम्याच्या उजव्या पायाला पुसायचा. डावा पाय पाहुण्यांसाठी. कोणी मोठा माणूस दुकानात आला की हा डावी बाजू पुढे करून तिरपा उभा राहायचा.

विज्ञान हिंदीत सांगायचा, शिव्या मराठीत द्यायचा. दोन्हींची कधी सरमिसळ केली नाही.

बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण फिरवून बघायचा. सैल असलं तर मान हलवायचा. घट्ट असलं तरी हलवायचा.

आणि कुठूनही ‘लाईन आली!’ अशी हाक ऐकली की हातातलं टाकून धावायचा. वीज म्हणजे लाईन. ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे संत्र्याच्या बागा असलेल्या घरांतली माणसं त्या हाकेवर झोपेतूनही उठायची. गुणवंता एकदा अर्धी दाढी घेऊन धावला होता. एकदा मावशीच्या तेराव्याच्या पानावरून. मावसा अजून बोलत नाही.

हेमंतने या सगळ्या सवयी मनात जमवून ठेवल्या होत्या. मोठ्या माणसांच्या चरित्रात सुरुवातीला अशाच असतात, असं त्याच्या वाचनात आलं होतं.

गुणवंता घागरे हा रामाकोन्याच्या रघुनाथरावांचा एकुलता मुलगा. सौंसरला नागपूर रोडवर त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर ‘घागरे पंप संशोधन केंद्र’ असं लिहिलं होतं. संशोधन हा शब्द हेमंतने सुचवलेला. केंद्र हा गुणवंताचा. जागा रघुनाथरावांची.

हेमंत त्याच्याहून पाचसहा वर्षांनी लहान. नागपूरहून मराठीत एम.ए. करून परत आलेला. लोधीखेड्याच्या शाळेत तो मुलांना वृत्तं शिकवायचा आणि मुलं बाकाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडायची. त्याला एका थोर माणसाची फार गरज होती. पुस्तकांत पुष्कळ होते. सौंसरात एक तरी असावा, असं त्याला वाटायचं. एक दिवस तो घरची मोटार दुरुस्तीला घेऊन गेला आणि तो त्याला सापडला.

“मास्तर, इकडे पाय,” गुणवंता म्हणाला होता. “हा पंपाचा शाफ्ट. हा फिरते. फिरणाऱ्या दांड्याले पंपाच्या पोटात शिराले भोक लागते का नाही?”

“लागतं.”

“भोक आलं की पानी बाहेर येते का नाही?”

“येतं.”

“मंग आपण काय करतो? त्या भोकात काळी दोरी कोंबतो. वरून नट आवळतो. जास्त आवळलं त दोरी शाफ्टचा गळा धरते. मोटार कण्हते, शाफ्ट झिजते. सैल सोडलं त टपटप. म्हंजे एक त गळा दाबा नाही त रडू द्या. ये कोई इंजीनियरिंग है?”

हेमंत थक्क झाला. पंपाला गळा असतो आणि तो रडतो, हे त्याला कोणत्याही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. तो त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागला.

खरं तर त्या टपटपीने तालुक्यात कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. प्रत्येक मोटारीखाली थोडा चिखल असायचा. त्यात कोणी सांबार पेरायचं. कोथिंबिरीला इकडे सांबारच म्हणतात. कोंबड्या पाणी प्यायच्या. रामाकोन्याच्या घागऱ्यांच्या मोटारीखाली शकुबाईने चवळी लावली होती. ती बागेत निंदणाला येणारी बाई. घरच्या भाजीसाठी तिला दुसरी ओली जागा नव्हती. पण गुणवंता एकदा नागपूरच्या कुठल्याशा कारखान्यात संत्री पोचवायला गेला होता, आणि तिथे त्याने एक पंप पाहिला. पंप चालू होता आणि खालची फरशी कोरडी होती. गुणवंता त्या फरशीवर मांडी घालून बसला. पहारेकऱ्याने उठवलं तेव्हाच उठला. तेव्हापासून त्याच्या जगण्याचं ध्येय ठरलं. पांढुर्ण्याचा त्याचा मामा मात्र वेगळं सांगायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, भाच्याच्या डोक्याला गोटा लागला होता, जखम भरली, पण गोटा आतच राहिला, असं त्याचं म्हणणं.

कारखान्यातल्या त्या पंपात दोरी नव्हती. दोन चकत्या होत्या. एक शाफ्टबरोबर फिरणारी, दुसरी जागेवर बसलेली, आणि मागून एक स्प्रिंग दोघींना तोंडाला तोंड लावून धरणारी. यालाच सील म्हणतात, असं गुणवंताने शोधून काढलं. तसलं सील नागपूरच्या बाजारात मिळायचंही. पण विकत आणणं म्हणजे हार, असं त्याचं मत होतं. त्याला सौंसरचं सील पाहिजे होतं.

एक चकती त्याने कोळशाची केली. परासियाच्या खाणीतल्या जुन्या मोटारी भंगारात निघाल्या, त्यांच्या पोटातला कार्बनचा ठोकळा आणून तो लेथवर कातला. दुकानात सगळ्यांची नाकं काळी झाली. दुसरी चकती म्हणजे मोठ्या बेअरिंगची पोलादी कडी. स्प्रिंग फटफटीच्या क्लचमधली. रबराची गोल पट्टी ट्रॅक्टरची. एवढं सगळं जमल्यावर त्याने सांगितलं की हे काहीच नाही. खरं काम पुढे आहे. दोन्ही चकत्यांची तोंडं सपाट झाली पाहिजेत. इतकी सपाट की मध्ये पाण्याची फक्त साय मावली पाहिजे.

“साय काहून?” हेमंतने विचारलं.

“पूर्ण कोरड्या ठेवल्या त एकमेकीले घासून जळते. फटीत जास्त पानी गेलं त गळते. साय असली की घासत बी नाही अन् गळत बी नाही. बोटानं शाफ्ट फिरते. समजलं?”

“म्हणजे जवळ असायचं पण चिकटायचं नाही. प्रेमासारखं.”

गुणवंताने त्याच्या शर्टाचं बटण फिरवून पाहिलं. “मास्तर, प्रेमात एवढी सपाटी कोठी राह्यते बे? लग्न झालं नाही तुवं, म्हणून बोलून राहिला.”

सपाट करायला सपाट काच लागते. खिडकीची काच चालत नाही, ती लाटांसारखी असते. जाड आरशाची काच चालते. घरात तसा एकच आरसा होता. त्याच्या बायकोने, उर्मिलाने, माहेरून आणलेला. तिच्या बोरगावच्या माहेरच्यांनी तो फ्रेमीसकट ट्रॅक्टरमध्ये गादीवर निजवून पाठवला होता. गुणवंताने तो दुकानात आणला, फ्रेमीतून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर आधी खरबरीत लेप लावून, मग सोनाराकडची लाल पूड लावून, तो चकती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवू लागला. दिवाळी गेली. तुरी फुलल्या. तो आठ काढत राहिला.

हेमंत एकदा घरी गेला तेव्हा उर्मिला दारात ताट उभं धरून कुंकू लावत होती.

“वहिनी, हे काय?”

“तुमच्या शास्त्रज्ञानं आरसा नेला ना. चार दिवसांत आणतो म्हणे.” तिने ताट तिरपं केलं. “यात नाक भल्लं मोठं दिसते. पण चालते. त्यायच्या चकतीचं तोंड गोरं झालं म्हणजे बस.”

हेमंतला हे फार भारी वाटलं. संशोधनासाठी पत्नीने आरसा द्यावा! उर्मिलाने दिला नव्हता, गुणवंताने नेला होता, हा फरक त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

शेवटी एक दिवस गुणवंताने दोन्ही चकत्या पुसून एकमेकींवर ठेवल्या, थोड्या दाबल्या आणि वरची उचलली. खालची तिच्याबरोबर आली. तशीच लटकून राहिली. ना गोंद, ना लोहचुंबक. नुसती सपाटी. समोरच्या टपरीवरची माणसं बघायला आली. गुणवंता डावी बाजू पुढे करून उभा राहिला.

हे रघुनाथरावांच्या कानावर गेलं. ते कधी दुकानात यायचे नाहीत. त्या आठवड्यात आले. बाकड्यावर बसले. लटकणारी चकती त्यांना दाखवण्यात आली.

“लटकते,” ते म्हणाले. “पाह्यलं. याचं पानी किती निंगते?”

“बाबा, पानी नाही निंघत, तेच त सांगून राहिलो!”

रघुनाथरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या बागेतली झाडं त्या वेळी ताणावर होती. आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड उपाशी राहतं. मग संक्रांतीनंतर दिवस धरून पाणी सोडतात आणि झाड घाबरून फुलतं. त्या दिवशी पाणी द्यायलाच लागतं. तिथे उधारी नसते.

“हे पाय गुणवंता,” ते म्हणाले. “तुवं वय तिशीचं झालं. लोक इचारते, पोरगा काय करते, त मी म्हणतो आठ काढते. आता ताण तोडाचा दिवस येऊन राहिला. माह्या मोटारीले तुही चकती लाव. त्या दिवशी बागेले पानी भेटलं त हे दुकान तुवं. मी पुन्हा बोलणार नाही. नाही भेटलं त कुलूप लावाचं अन् बागेत येऊन झाडाले आळे कराचे. मंजूर?”

टेबलावरचा आरसा छताचे पत्रे दाखवत होता.

“मंजूर,” गुणवंता म्हणाला. “पण माही बी एक अट हाय. त्या दिवसापासून शेण बंद.”

“काय बंद?”

“शेण. बिलकुल बंद.”

रघुनाथरावांनी हेमंतकडे पाहिलं. मुलाचं डोकं कितपत गेलंय हे शिकलेल्या माणसाच्या तोंडावरून कळतं का, ते बघत असावेत.

शेणाचं असं होतं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते. तिचं चामडं थोडं कुठे फाटलेलं, कुठे वाकलेलं असतंच. मोटार बंद झाली की पाइपातलं पाणी हळूहळू विहिरीत उतरतं. मग मोटार पुन्हा सुरू केली की पंप नुसती हवा चावतो. यावर सगळ्या मुलखात एकच इलाज होता. बादलीभर पाण्यात शेण कालवायचं आणि पंपाच्या डोक्यावरच्या तोंडातून आत ओतायचं. शेण चामड्याच्या फटीत जाऊन बसतं, पाणी थांबतं, पंप पाणी धरतो. मोटार बसवायला वायरमन लागायचा आणि चालवायला गाय. हा काला घागऱ्यांच्या घरात गुणवंता चालता येऊ लागल्यापासून करत आला होता.

“शेणात रेती राह्यते, भुसा राह्यते,” गुणवंता हिंदीकडे वळत म्हणाला. “एक कण भी अंदर गया तो सील खतम. आरशासारखं तोंड आहे त्याचं. ओरखडा गेला की गेलं.”

“आम्ही आजवर ओतलं ते?”

“ते दोरी होती. दोरीले काय कळते!”

पुढचे दिवस गुणवंताने शेणाविरुद्ध मोहीम चालवली. पाइपाची झडप नवी आणली. पंपाच्या तोंडाला उर्मिलाच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. पाणी ओतायचं ते गाळूनच. शकुबाईची शेणाची बादली आणि रघुनाथरावांची गाय या दोघींना बागेच्या पार दुसऱ्या टोकाला हलवण्यात आलं. शेजारच्या बागेचे नत्थूजी येता जाता विचारायचे, “काय बाप्पा, सोयर पाळून राहिले का मोटारीचं?” गुणवंता त्यांच्याकडे दयेने बघायचा.

ताण तोडायच्या दिवशी सकाळी बागेत जत्रा भरली. गुणवंताने सौंसरभर सांगून ठेवलं होतं. पांढुर्ण्याचा मामा आला. बोरगावचे सासरे आले. टपरीवाले आले. त्यांच्यासाठी तुरीच्या शेंगा उकडायला मोठं गंज चुलीवर चढवलं होतं. मोटारीच्या खोलीच्या दारात हेमंतला तुराटी देऊन उभं केलं.

“मास्तर, तुह्यावर जिम्मेदारी हाय. शकुबाई आली, बादली घेऊन, थांबवाचं. नत्थूजी आले, थांबवाचं. बाबा आले तरी थांबवाचं. कोणालेच शेण घेऊन आत येऊ द्याचं नाही.”

“नाही येऊ देणार,” हेमंत म्हणाला. त्याने तुराटी दारात आडवी धरली.

लाईन होती. गुणवंताने गाळलेलं पाणी पंपात भरलं. फडकं बाजूला केलं, तोंड बंद केलं. बटण दाबायच्या आधी शाफ्टखाली एक वर्तमानपत्र पसरलं. कोरडं. मग बटण दाबलं.

पंपाने पाणी धरलं. पाटात फेस आला. पाणी पहिल्या आळ्याकडे निघालं. आणि मोटारीचा आवाज वेगळाच होता, कण्हणं नव्हतं, नुसतं गुणगुणणं. सगळे खोलीच्या दारात दाटले. वर्तमानपत्र कोरडं होतं. मामाने वाकून बोट लावलं. कोरडं. सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलंच. नत्थूजींनी शंका काढली की पंपात पाणी आहे की नाही, तर त्यांना पाट दाखवण्यात आला.

मग रघुनाथराव आत आले. उकिडवे बसले. बराच वेळ शाफ्टकडे बघत राहिले. फिरणारा दांडा, आणि त्याच्या मुळाशी एक थेंबही नाही.

“बरं हाय,” ते म्हणाले.

हेमंतला वाटलं, गुणवंता रडेल. रघुनाथरावांनी त्याला याआधी ‘बरं हाय’ म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. मॅट्रिक झाला तेव्हाही ते फक्त ‘झाला का’ म्हणाले होते. गुणवंताने बापाकडे डावी नाही, उजवी नाही, सरळ समोरची बाजू केली.

“दुकान...” तो म्हणाला.

“संध्याकाळी बोलू. शेवटच्या ओळीले पानी जाऊ दे.”

पाणी पहिल्या दोन ओळींत फिरलं आणि लाईन गेली.

कोणाला विशेष वाटलं नाही. लाईन जातेच. लोक झाडांखाली बसले. शेंगांचं गंज उतरवलं. मीठ लावलेल्या शेंगा सोलत सगळे सीलबद्दल बोलू लागले. मामाने गोट्याचा उल्लेख टाळला. सासरे म्हणाले, आरसा कामी आला म्हणायचा. गुणवंता मध्ये बसून हिंदीत सांगत होता की आता खरगपूरच्या आयआयटीवाले विचारतील, ये सौंसर कहाँ है. हेमंत तुराटी घेऊन दारात उभाच होता. त्याला शेंगा तिथेच पाठवल्या.

इकडे पाइपाच्या टोकाची नवी झडप. तिचं चामडं अजून भिजून फुगलं नव्हतं. पाइपातलं पाणी निवांतपणे विहिरीत उतरत होतं. ते कोणालाच दिसत नव्हतं.

“लाईन आली!”

नत्थूजींनी त्यांच्या बागेतून हाक दिली आणि आपल्या मोटारीकडे पळाले. चारी बाजूंना माणसं उठली. गुणवंता वाक्याच्या मध्यावरून उठला. शेंगांची साल त्याच्या मिशीला तशीच होती. तो आत गेला, बटण दाबलं. पंप हवा चावू लागला. खडखड, खडखड. पाट कोरडा. त्याने बटण बंद केलं आणि तो बाहेर आला.

तो कुठे चालला ते हेमंतने पाहिलं. तो बागेच्या दुसऱ्या टोकाला चालला होता. घाई होती पण गडबड नव्हती. गाईपाशी तो वाकला. त्याने शेणाचा पो निवडला. वाळलेला नाही, पातळ नाही, मधला. शकुबाईच्या बादलीत टाकला, हौदातलं पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी कालवू लागला. गुठळ्या बोटांनी मोडल्या. एक काडी दिसली, ती काढून फेकली. चकतीने आठ काढताना त्याच्या तोंडावर जे भाव असायचे, तेच आता होते. मग बादली घेऊन तो परत आला.

हेमंत दारात होता. हातात तुराटी होती. शकुबाईला थांबवायचं होतं. नत्थूजींना थांबवायचं होतं. रघुनाथरावांनाही. गुणवंताचं नाव यादीत नव्हतं.

“सरक मास्तर, लाईन जाईन!”

हेमंत सरकला. मागे लोक उभे होते. कोणीच अडवलं नाही. ज्याने सील केलं त्याला कळतं, असं प्रत्येकाला वाटलं. सासऱ्यांना तर हा प्रयोगाचाच पुढचा भाग वाटला. गुणवंताने लुगड्याचं फडकं एका हाताने काढून खांद्यावर टाकलं आणि काला ओतला. बादलीच्या बुडाशी हात फिरवून उरलेला कालाही आत टाकला. तोंड बंद केलं. बटण दाबलं.

पंपाने लगेच पाणी धरलं.

“वा!” मामा म्हणाला. टाळ्या पडल्या.

मग आत कुठेतरी कुर्र झालं. दात खाल्ल्यासारखं. गुणवंताची मान वळली. शाफ्टच्या मुळाशी एक थेंब आला. तो पडायच्या आधी दुसरा आला. मग थेंब राहिले नाहीत, पिचकारी सुरू झाली. हिरवट. वर्तमानपत्रावर आधी एक डाग, मग सगळाच कागद बसला. दोरीने आजवर कधी एवढं सोडलं नव्हतं. पाटात जायचं ते पाणी खोलीभर उडू लागलं. मामाचं धोतर गेलं. रघुनाथरावांनी पुढे होऊन बटण बंद केलं.

पिचकारी हळूहळू खाली आली.

“शेण हाय आत,” गुणवंता म्हणाला. त्याने बोटाने पिचकारीचं पाणी घेऊन वास घेतला होता. “कोनं टाकलं?”

मामा धोतर पिळू लागला.

“मी सांगितलं होतं ना! एक कण बी नाही म्हटलं होतं! हेमंता, तुले उभं कायले केलं होतं बे?” तो मराठीत आला होता. “शकुबाई!”

“मी नाही बाप्पा!” शकुबाई गंजापाशीच बसली होती. “मी त शेंगा सोलून राहिली. भाऊ, आपल्या हाताकडे त पाहा.”

गुणवंताने पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे होते. तो ते उलटेसुलटे करून बघत राहिला. कोणाचे तरी दुसऱ्याचे हात त्याच्या मनगटांना लावून ठेवलेत, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने उजवा हात पायजम्याच्या उजव्या पायाला पुसला. नंतर डावा हात डाव्या पायाला.

हेमंत आठवून पाहत होता. एम.ए.च्या दोन वर्षांत शोकांतिका खूप शिकवल्या होत्या. राजे होते, शाप होते. पोची निवड नव्हती.

रघुनाथराव चिडले नाहीत. तेच वाईट होतं. त्यांनी धोतराचा जुना सोगा फाडला, त्याला वंगण चोळलं आणि पीळ दिला. चकत्या काढल्या. कार्बनच्या चकतीच्या तोंडावर भुशाची एक काडी बसली होती आणि तिच्यापासून निघालेला ओरखडा गोल फिरून आला होता. ती चकती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाजूला ठेवली. सीलसाठी गुणवंताने पंपाचं भोक मोठं केलेलं, म्हणून पीळ दुहेरी करावा लागला. नट आवळला. मोटार सुरू झाली. ती कण्हत होती. टपटप पाणी पडत होतं, भरपूर. अंधार पडायच्या आत शेवटच्या ओळीला पाणी पोचलं.

“बाबा,” गुणवंता म्हणाला. “झडप नवी होती. चामडं फुगलं नव्हतं. आणखी एक दिवस जर...”

“किल्ली उर्मिलापाशी दे,” रघुनाथराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. पाटी तशीच राहिली. संशोधन केंद्राच्या ओट्यावर आता टपरीवाला कोळशाची पोती ठेवतो.

आरसा घरी परत आला. उर्मिलाने तो फ्रेमीत बसवून भिंतीला लावला. मधोमध चकत्या फिरून फिरून काच दुधासारखी पांढरी झाली होती. कडेने मात्र स्वच्छ दिसायचं. मधे उभं राहिलं की फक्त केस आणि खांदे दिसायचे, तोंडाच्या जागी धुकं. ती बाजूला सरकून कुंकू लावायला शिकली.

“निदान नाक बरोबर दिसते,” ती हेमंतला म्हणाली.

त्या वर्षी बहार चांगला आला. बागेच्या वासाने रस्त्यावरचे ट्रकवाले गाडी हळू करायचे. गुणवंता रोज आळी करायला जायचा. त्याची आळी गोल यायची, अगदी गोल, कुठेही वरखाली नाही. मजुरांना ती बघून हसू यायचं. दुपारी हेमंत भेटायला गेला की तो कुदळ ठेवून हिंदीत बोलू लागायचा. चूक सीलची नव्हती. चूक अभ्यासक्रमाची होती. बाहेरच्या पुस्तकांत सील बनवणाऱ्यांना शेण माहीतच नाही. रेती माहीत आहे, आम्ल माहीत आहे, शेण नाही. सील असं पाहिजे की ज्याला शेण चालेल. हात कोणाचा आहे ते सीलने बघता कामा नये.

“मंग त्या दिवशी तू स्वतः...” हेमंतने एकदा धीर करून म्हटलं.

“मी नाही टाकलं,” गुणवंता शांतपणे म्हणाला. “हातानं टाकलं.”

आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून त्याने एक काम काढलं. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहायची. पंपात तेव्हा धोतराचाच पीळ होता आणि त्याला शेण चालत होतं, पण गुणवंता म्हणाला, सील पुन्हा बसेल तेव्हा भिंत तयार पाहिजे. मजकूर हेमंतने लिहून आणला. त्यात ‘सुज्ञांस विनंती’ होती आणि ‘पावित्र्य’ असा शब्द होता. गुणवंताने तो बाजूला ठेवला आणि स्वतःचा केला. ‘या पंपात शेण टाकू नये.’ भिंतीला चुना मारला. वाळू दिला. दोरीने ओळी आखल्या. अक्षरांची उंची मापली. मग गेरू कालवून, कुंचला घेऊन, चकतीने आठ काढायचा तसा हळूहळू पहिला शब्द काढला. दुसरा काढला. तिसऱ्या शब्दाची शेवटची उभी रेघ ओढली.

“लाईन आली!” नत्थूजींची हाक आली.

गुणवंताने कुंचला डब्यात टाकला आणि बादलीकडे धावला.

कुंचला गेरूत वाळून दगड झाला. हेमंत म्हणाला, उरलेले दोन शब्द मी काढून देतो. गुणवंता नको म्हणाला. अक्षर बदलेल, तो स्वतः काढणार आहे. या गोष्टीलाही आता दोन पोळे झाले. भिंतीवर गेरूने ठसठशीत लिहिलेलं आहे, ‘या पंपात शेण’. शकुबाईला वाचता येत नाही. तिने एकदा हेमंतकडून वाचून घेतलं, बरोबर आहे म्हणाली, आणि आपली बादली त्या अक्षरांखाली आणून ठेवली.